जिचं दुखणं तिनं सांगायचं

शालू,

तुझ्या शोकसभेला मी मागच्या भिंतीला टेकून उभी होते. दवाखान्याच्या अंगणात सतरंज्या घातल्या होत्या, टेबलावर तुझा फोटो होता, आणि फोटोच्या मानानं हार एवढा मोठा होता की तुझी हनुवटी त्यात बुडून गेली होती. एकेक जण उठून बोलत होता. तुझी हुशारी, तुझी सेवावृत्ती, लग्न न करता तू रुग्णांना कसं वाहून घेतलंस ते. सगळ्यात शेवटी दवाखान्याचे मोठे डॉक्टर उठले आणि चष्मा पुसत म्हणाले, "एवढंच समाधान आहे, की शालिनीबाईंना शेवटी काही त्रास झाला नाही. अगदी शांतपणे गेल्या."

सगळ्यांनी माना हलवल्या. पुढे बसलेल्या नर्सबाईंनी पदरानं डोळे टिपले.

मला वर्गातल्या मुलीसारखा हात वर करावासा वाटला. हे तुम्हाला कुणी सांगितलं, असं विचारावंसं वाटलं. तू असतीस तर विचारलंच असतंस, तेही बसल्या जागेवरून, मोठ्यानं. पण शोकसभेत कुणी प्रश्न विचारत नाही. मी गर्दीतून चपला शोधल्या आणि घरी आले. तेव्हापासून मनातल्या मनात तुझ्याशी भांडतेय. भांडता भांडता मध्येच आठवतं, की उत्तर द्यायला तू नाहीस. मग पुढचं वाक्य सुचत नाही.

आपली भांडणं तशी जुनी. तू पुणतांब्याची, मी नगरची, एवढ्यावरून पुण्याच्या वसतिगृहात रेक्टरबाईंनी आपल्याला एका खोलीत टाकलं. "एकाच जिल्ह्याच्या आहात, जमेल तुमचं," म्हणाल्या. जमलं नाही. तू मेडिकलची, मी गणिताची. तुझ्या घरून पेरूची टोपली यायची आणि तू ती हाडांच्या पेटीवर ठेवायचीस. मी त्यातला पेरू खायची नाही, म्हणून तू चिडायचीस. "हाडांना काय कळतंय?" म्हणायचीस आणि माझ्यासमोर बसून मुद्दाम कचाकचा खायचीस. पण मला टायफॉइड झाला तेव्हा परीक्षा तोंडावर असताना तू माझ्या उशाशी बसून राहिलीस. त्याबद्दल मी कधी आभार मानले नाहीत. तेव्हा ते सुचलं नाही आणि नंतर ते फार औपचारिक वाटलं. आता तर ते कुठे पोचवायचे?

पुढे मी नगरला कॉलेजात लागले आणि काही वर्षांनी तू इथल्या दवाखान्यात आलीस. आपापल्या कामात बुडालेल्या आपण सणासुदीला भेटायचो. पुन्हा रोजचं येणं-जाणं सुरू झालं ते भागूबाईमुळे.

त्या वेळी मुंबईच्या एका मोठ्या इस्पितळानं एक अभ्यास सुरू केला होता. गर्भाशयाच्या तोंडाशी कॅन्सर झालेल्या बायकांना किरणांचा उपचार जास्त दिवस द्यावा की थोडे दिवस, हे त्यांना ठरवायचं होतं. आपल्याकडच्या बायका त्या उपचाराला शेक म्हणतात. जिल्ह्यातल्या बायका तिकडे शेक घेऊन परत यायच्या आणि पुढची तपासणी तुझ्याकडे असायची. गाठ केवढी उरली, वजन किती, रक्त किती. ते लिहून तू मुंबईला पाठवायचीस. एका संध्याकाळी तू माझ्या घरी आलीस, पाण्याचा तांब्या हातातच धरून बसलीस आणि म्हणालीस, "नलू, मी पाठवते त्या कागदावर सगळं आहे. फक्त बाई नाहीये."

मग तू भागूबाईचं सांगितलंस. कर्जतकडची, दुष्काळी कामावर खडी फोडणारी. तपासणीत तिची गाठ जवळजवळ गेलेली निघाली. तू खूश होऊन तिला म्हणालीस, "भागूबाई, बरी झालीस तू." ती उठली. लुगडं सारखं करून दारापर्यंत गेली आणि तिथं वळून म्हणाली, "बाई, गाठ गेली म्हनता. मंग मी गोठ्यात का निजती?"

तू तिला परत आणून बसवलंस. शेक घेतल्यापासून तिला जुलाब थांबत नव्हते, अंगावरून जाणं थांबत नव्हतं. वास यायचा. घरात कुणी तिला एका शब्दानं बोललं नव्हतं, तिनंच आपली वाकळ उचलून गोठ्यात नेली होती. सगळ्यांची जेवणं झाल्यावर ती दाराबाहेर बसून भाकरी खायची. आणि तिच्या कागदावर तुझ्याच अक्षरात लिहिलेलं होतं, ‘सुधारणा उत्तम’.

"आता ते खोडलंस ना?" मी विचारलं.

"काय खोडू? गाठ खरंच गेलीये. ते खोटं नाहीये, तेच तर."

तुला त्या बायकांनाच विचारायचं होतं. दुखणं केवढं आहे, झोप लागते का, घास जातो का, हातून काम होतं का, आणि मनात कशाची भीती आहे. पण लिहिता-वाचता न येणाऱ्या बाईनं दुखणं केवढं ते सांगायचं कसं? शंभरातलं किती, असं विचारलं की त्या हसायच्या. मग तू बाजारातून धान्याची जुनी मापं घेऊन आलीस. कायद्यानं किलो आला तरी खेड्यातल्या घरात हीच चालतात, म्हणालीस. चिपटं, मापटं, शेर आणि पायली, लहानापासून मोठ्यापर्यंत बाकावर मांडायची. बाईनं बोट ठेवायचं. आज एवढं दुखतंय.

मी किती हसले होते, आठवतं? हसून झाल्यावर वाद घालायला बसले. "चिपट्याच्या दुप्पट मापटं, मापट्याच्या दुप्पट शेर, आणि पायली तर शेराच्या चौपट. दुखणं असं दुपटी-चौपटीनं वाढतं, हे तुला कुणी सांगितलं?"

"नसेल वाढत."

"बरं, एकीची पायली दुसरीच्या पायलीएवढीच कशावरून?"

"नसेलच ती. मला भागूबाईची कुणाशी तुलना करायचीच नाहीये. भागूबाईचं आजचं आणि भागूबाईचंच पुढच्या महिन्यातलं, एवढं बघायचंय."

"आणि तिनं खोटं सांगितलं तर?"

हे तू मान्य केलंस. कारण बायका खोटं सांगतच होत्या. डॉक्टरबाईंना वाईट वाटू नये म्हणून "बरं हाय की" म्हणत चिपट्यावर बोट ठेवायच्या आणि उठताना कण्हायच्या. जिनं एवढं औषधपाणी केलं, तिला तिच्या तोंडावर गुण आला नाही असं कसं सांगायचं? मग तू माझ्याकडे अशी बघायला लागलीस, की मला तेव्हाच उठून जायला हवं होतं.

"तू विचार त्यांना," म्हणालीस. "तू डॉक्टर नाहीस. तू त्यांना काहीच देत नाहीस. तुझ्यासाठी त्या कशाला खोटं बोलतील?"

अशी मी दर गुरुवारी कॉलेज सुटल्यावर तुझ्या दवाखान्याच्या व्हरांड्यात बसायला लागले. आमच्या घरी चेष्टा झाली. प्राध्यापकबाई मापं घेऊन बसतात, आता तराजूही आणा, असं हे म्हणाले. मला मात्र सुरुवातीला त्या बायकांच्या डोळ्यांकडे बघवत नसे. मी मापांकडे बघून विचारायची. तू एकदा दारातून ते पाहिलंस आणि नंतर मला झापलंस. विचारताना तिच्याकडे बघायचं. ‘एवढं नसेल हो’ असं म्हणायचं नाही. ‘फारच दुखतंय का’ असंही म्हणायचं नाही. नवरा शेजारी बसून "तिचं मापटंभर हाय, लिवा" म्हणाला, तर त्याला चहा प्यायला पाठवून द्यायचं. जिचं दुखणं तिनं सांगायचं. सासूनं नाही, नवऱ्यानं नाही, डॉक्टरनं नाही आणि गणिताच्या बाईनं तर नाहीच नाही.

हळूहळू मी शिकले. बाई आधी बोट कुठे नेते आणि मग कुठे ठेवते, हे बघायला शिकले. एक जण पायलीवर हात ठेवायची, मग नवऱ्याच्या चपला वाजल्या की हात मागे घ्यायची. एकीनं भीतीच्या प्रश्नावर सांगितलं, "मरायचं भ्या न्हाई. माज्यामागं धाकटीला शाळंतून काडतील, त्याचं हाय." हे मी कुठल्या चौकटीत भरणार? मी तुला म्हटलं, तो भीतीचा प्रश्न काढून टाकू, त्याचा आकडा होत नाही. तू म्हणालीस, "नाही झाला तर नाही झाला. तो राहू दे." यावर आपलं एकमत कधीच झालं नाही. प्रश्न मात्र राहिला.

वर्षभरानंतर मी चौकटीच्या कागदावर रेघा काढल्या. जास्त दिवस शेक घेतलेल्या बायकांच्या गाठी तपासणीत जास्त बसलेल्या दिसत होत्या, आणि त्याच बायकांच्या दुखण्याच्या रेघा महिनोन् महिने वर राहिल्या होत्या. थोडे दिवस शेक घेतलेल्यांची गाठ थोडी उरायची, पण त्या लवकर चुलीपाशी बसायला लागायच्या. मी तुला बजावलं की बायका थोड्या आहेत, यावरून मोठी गोष्ट बोलू नकोस. तू म्हणालीस, मोठी नाही बोलणार, छोटीच बोलते, पण बोलते.

त्या अभ्यासाचे मुंबईचे मुख्य डॉक्टर नगरला आले तेव्हा तू बोललीस. फार सभ्य गृहस्थ. त्यांनी आपले कागद खरोखर लक्ष देऊन पाहिले, चहा घेतला, मापं हातात घेऊन त्यांच्या तळाचे शिक्केही वाचले. मग म्हणाले, "बाई, तुमची कळकळ मला समजते. पण गाठ मी बोटांनी चाचपू शकतो. हे मी कशानं चाचपू? रुग्ण आज एक सांगतो, उद्या दुसरं."

"उद्या दुसरं दुखत असेल," तू म्हणालीस.

ते हसले. तू हसली नाहीस. परत येताना घराजवळ टांग्यातून उतरताना तू फक्त म्हणालीस, "गुरुवारी येतेस ना?"

मुंबईला पटो न पटो, आपल्या वॉर्डात तुझं चालत होतं. पायलीवर बोट गेलं की मॉर्फिनचं इंजेक्शन. बाई ओरडेपर्यंत थांबायचं नाही, दुखणं पुन्हा चढायच्या आत पुढचं द्यायचं. त्यावरून तू वरच्या डॉक्टरांशी किती भांडलीस, बायकांना मॉर्फिनची सवय लागेल म्हणणाऱ्यांना काय काय उत्तरं दिलीस, ते मी भिंतीपलीकडून ऐकलेलं आहे. भागूबाईला तू धुण्याचं, पट्ट्यांचं सगळं शिकवलंस, तिच्या घरच्यांना बोलावून समजावलंस. काही महिन्यांनी ती आली आणि बाकाशी बसायच्या आधीच म्हणाली, "आता घरात निजती." दुखणं अजून मापटंभर होतं. त्या मापट्याचा तुला एवढा आनंद झाला की तू मला डाळ-वांगं करून खाऊ घातलंस, जे तुला धड येत नव्हतं.

पुढच्या उन्हाळ्यात भागूबाई गेली. तिचा दीर मुद्दाम एस.टी.नं सांगायला आला. म्हणाला, "घरात गेली बाई. समदी जवळ हुती." तू त्याला पाणी दिलंस आणि आत गेलीस.

तुझं काय ते कधी सुरू झालं, हे आता मी मागे जाऊन शोधत बसते. एका दुपारी आपण रेघा तपासत होतो आणि तू बोलता बोलता पोटावर हात दाबून खुर्चीत बसलीस. "उन्हाचं आहे," म्हणालीस. दुष्काळाचं वर्ष, सगळं गाव उन्हानं आजारी होतं, मी ताक करून आणलं. नंतर साडीची गाठ सैल बांधायला लागलीस. नंतर मुंबई, ऑपरेशन. कॅन्सर अंडाशयाचा होता आणि सगळीकडे पसरला होता. त्यांनी पोट उघडलं आणि परत शिवलं. तिकडेच राहा म्हणत होते. तू म्हणालीस, नगरला जाते.

सावेडीच्या तुझ्या दोन खोल्यांत मी कॉलेज सुटलं की यायची. तुला भेटायला दवाखान्यातले सगळे यायचे. यायचे ते दारातूनच बोलत यायचे. "वा, आज चेहरा टवटवीत दिसतोय." "रंग सुधारलाय हं बाई." "झोप छान झालेली दिसतेय." तू हसून "हो, बरं आहे" म्हणायचीस. ते गेले की डोळे मिटून घ्यायचीस, आणि उशी इतकी घट्ट धरायचीस की तुझी बोटं पांढरी पडायची.

एकदा मला राहवलं नाही. "त्यांना बरं आहे असं का सांगितलंस?"

"त्यांनी विचारलं कुठं?" तू म्हणालीस. "त्यांनी सांगितलं."

मी तुझी उशी सारखी केली. मग तू म्हणालीस, "तू विचार."

मला जमत नव्हतं, शालू. एवढ्या बायकांना विचारलं, तुला विचारताना जीभ उचलत नव्हती. तू दुसऱ्या दिवशी नर्सबाईंना सांगून ती मापं घरी मागवलीस आणि खिडकीच्या कट्ट्यावर मांडायला लावलीस. "हं. विचार. आणि माझ्याकडे बघून विचार."

"दुखणं केवढं आहे?"

तू शेराकडे बोट केलंस. शेर, डॉक्टर इंजेक्शन देऊन गेल्यावरसुद्धा शेर. पुढच्या आठवड्यात पायली. त्यानंतर तू एक दिवस, घामानं केस कपाळाला चिकटलेले असताना, दात आवळून म्हणालीस, "तू म्हणाली होतीस ना, दुपटी-चौपटीनं वाढतं कशावरून? वाढतं गं. अगदी तसंच वाढतं." आणि तशा अवस्थेतही वाद जिंकल्याचा आनंद तुझ्या तोंडावर दिसला. मी तुझं कपाळ पुसलं. मला तो वाद हरायचा नव्हता. जगातला कुठलाही वाद मी एवढ्या नाखुशीनं हरले नाहीये.

रोज मी पाची प्रश्न विचारायची. झोप, घास, काम. कामाच्या प्रश्नावर तू म्हणायचीस, "आज दोन ओळी वाचल्या," नाहीतर "आज केस विंचरले." भीतीच्या प्रश्नाला म्हणायचीस, "आज राहू दे." मी ठेवून द्यायची. मध्ये एकदा तू म्हणालीस, माझी उत्तरंही बायकांच्या रेघांत घाल. मी नाही म्हटलं. तुझा आजार वेगळा, तुला शेक दिलेला नाही, तू त्या अभ्यासातली नाहीस. तू रागावलीस. "मग मी कशातली?" म्हणालीस. मी माझ्या नियमांवर अडून राहिले, तू भिंतीकडे तोंड केलंस. अजूनही मला वाटतं गणित माझंच बरोबर होतं.

भीतीचं उत्तर तू एकदाच दिलंस. दुपार होती, इंजेक्शनानं थोडं उतरलं होतं, तू पडल्या पडल्या खिडकीतून बाहेर बघत होतीस. म्हणालीस, "आईची वाटते. तिला कळेल याची." पुणतांब्याला तू एवढंच कळवलं होतंस की पोटात गाठ होती, काढून टाकली. "वडील गेले तेव्हा तिनं कसं काढलं, मी पाहिलंय. तिला काही सांगू नकोस नलू. मला किती दुखलं ते तर कधीच नको."

मी हो म्हटलं. तुझ्यासमोर दुसरं काय म्हणणार होते?

शेवटी तार मीच केली. आई आणि भाऊ आले तेव्हा तू इंजेक्शनाच्या गुंगीत होतीस. आईंनी तुझ्या उशाशी बसून केसांना तेल लावलं, कानांत फुंकर घातली, "शाले, शाले" म्हणून हाका मारल्या. तुझे डोळे उघडले नाहीत. त्यांना तुझा फक्त शांत चेहरा दिसला. तुला हेच हवं होतं ना?

तू गेल्यावर मोठे डॉक्टर मला बाजूला घेऊन म्हणाले की मुंबईहून निरोप आलाय. पुढच्या अभ्यासात रुग्णांना दुखण्याबद्दल विचारायचं ठरलंय. मी विचारलं, आणि बाकीचे प्रश्न? म्हणाले, सध्या तेवढाच एक. कोण विचारणार? म्हणाले, अर्थात डॉक्टर. मला तुझा चेहरा दिसला. तू आधी टेबलावर हात आपटला असतास, मग म्हणाली असतीस, चला, एक तर एक. मी मात्र तिथंच रडले. ते बिचारे घाबरून गेले.

आणि आता तुला जे सांगायचंय ते.

परवा मी पुणतांब्याला गेले होते. दिवसपाणी सगळं उरकलं होतं, पाहुणे गेले होते. तुझे भाऊ शेतावर गेले होते. आई ओसरीत बाजेवर बसल्या होत्या, पुढ्यात निवडायला घेतलेली डाळ होती आणि हात तिच्यात नुसता ठेवलेला होता. मी पाया पडले. त्यांनी मला चहा करू दिला. गोदावरीला पाणी नाही, नदीत चर खणून पाणी भरतात, असं काहीबाही बोलणं झालं. मग त्यांनी कप खाली ठेवला.

"नलू, लई तरास झाला का गं तिला?"

मी म्हटलं, "नाही हो मावशी. शेवटी तर..."

"शेवटचं म्या बगितलं. त्ये नगं सांगू. त्येच्या आदीचं इचारती." त्यांनी माझ्याकडे सरळ पाहिलं. तू अशीच बघायचीस, ते कुठून आलं होतं ते मला तेव्हा कळलं. "समदी म्हनत्यात झोपंत गेली. झोपंत जानारी पोर न्हाई ती. खरं सांग."

शालू, मला तुला दिलेला शब्द आठवत होता. मी तो शब्द घेऊनच तिथं बसले होते. पण त्या विचारत होत्या. माझ्याकडे बघून विचारत होत्या. आणि तुझं दुखणं तू स्वतःच्या तोंडानं मला सांगितलेलं होतं, रोज, काही न लपवता. ते झाकून मी त्यांना दुसरंच काही सांगितलं असतं, तर अंगणातल्या त्या टेबलाशी उभं राहून बोलणाऱ्यांतलीच मी एक झाले असते.

"झाला," मी म्हटलं. "फार झाला मावशी. पोटात दुखायचं. शेवटच्या महिन्यात सहन होत नव्हतं तिला."

त्या हलल्या नाहीत. मला वाटलं, संपलं, मी या म्हातारीचा जीव घेतला.

"तुला कसं ठावं?"

"तिनंच सांगितलं."

"तिनं? तिच्या तोंडानं?"

"हो. मी विचारायची आणि ती सांगायची. रोज."

मग त्यांचा चेहरा हलला. डोळे भरून आले, पण त्यात मला जे दिसलं ते मी अपेक्षिलं नव्हतं. त्यांनी पदरानं तोंड पुसलं आणि दीर्घ श्वास सोडला.

"बरं झालं माय. मला वाटलं, येकटीच गिळीत बसली आसंल. तिचा बाप तसाच गेला. तीन म्हयनं तोंडातनं सबूद काडला न्हाई. काय हुतं, कुटं हुतं, कायबी कळू दिलं न्हाई मला. अजून इचारती मी त्याला." मग म्हणाल्या, "हिनं सांगितलं. कुनाला तरी सांगितलं."

तू यावर चिडशील. चीड. शब्द मोडला म्हण. तुला जे भय होतं ते मी स्वतःच्या हातानं खरं केलं, आणि मला त्याचा पश्चात्ताप होत नाहीये, हेही तुला सांगून टाकते. या एका बाबतीत तुझं चुकलं होतं. तू व्हरांड्यातल्या प्रत्येक बाईला बोलतं केलंस आणि तुझ्या आईला काही कळू नये म्हणून धडपडत राहिलीस.

आईंनी डाळीचं ताट बाजूला सारलं. बाजेवर सरकून माझ्यासाठी जागा केली.

"बस हितं. आता पयल्यापासून सांग."

मी बसले. मग तू पोटावर हात दाबून खुर्चीत बसलीस त्या दुपारपासून मी सांगायला लागले. त्या ऐकत होत्या, मध्ये मध्ये माझा हात दाबत होत्या. पायलीपाशी आल्यावर मी थांबले.

"थांबू नगं," त्या म्हणाल्या.